यांचा आवाज

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

कानाचं मशीन सुरू झालं! आवाज आला — पण हा कसला आवाज! आरती मॅडम समोर बसून बोलत होत्या. ओठांवरून कळत होतं, "काकू, आयकू येते काय?" कानात मात्र पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसं काहीतरी. नऊ वर्षं ठार बहिरी. त्या एका तापात दोन्ही कान गेले, दर्यापूरची शाळा सुटली, मुलांना विज्ञान शिकवणं सुटलं. आणि आज हे खडे. मी रडले. मग हसायलाच आलं.

ऐकायला नव्यानं शिकवण्याचं काम या आरती मॅडमचं. त्या म्हणाल्या, मेंदूला वेळ द्या, खडे जाऊन माणसं येतील. तोवर आवाज आला की घाबरायचं नाही, त्याला विचारायचं — कोण आहेस तू? हे मला फार आवडलं. मुलांना जन्मभर दुसरं काय शिकवलं मी?

मला एकच आवाज हवा आहे. यांचा. आमचे हे, म्हणजे देवमन, एसटीत कंडक्टर होते, अमरावती-अकोला गाडीवर. यांनी बडनेऱ्यात हाळी दिली की मूर्तिजापूरचे प्रवासी पिशव्या उचलतात, असं डेपोत म्हणायचे. त्या आवाजासाठी मी डोक्याचं ऑपरेशन करून घेतलं. बाकी सगळं वरकड.

१३ नोव्हेंबर

साडी काढायला वाकले तर मशीनचं डोक्यावर चिकटणारं चुंबक लोखंडी कपाटाला जाऊन चिकटलं. जग एकदम बंद! हे पोट धरून हसले. पण ते हसू मला कसं ऐकू येणार — मशीन कपाटावर!

१६ नोव्हेंबर

घर केवढं बोलतं! सकाळपासून कुणीतरी घूंऽ करत होतं. प्रत्येक खोलीत कान नेऊन पाहिला. तो निघाला फ्रिज. बिचारा नऊ वर्षं एकटाच कण्हत असेल. साडीचा पदर सळसळतो. जिना उतरताना माझा गुडघा वाजतो, हे तर मला माहीतच नव्हतं. आणि भाकर थापताना — थप, थप, आणि भाकर मोठी होत जाते तसा आवाज बदलत जातो! मुद्दाम चार जास्त थापल्या. आता दोन दिवस शिळी भाकर.

प्रचाराची रिक्षा भोंगा लावून गेली. गल्लीनं कानात बोटं घातली, मी एकटी फाटकात उभी राहून ऐकत होते. सगळ्या अमरावतीत त्या उमेदवाराला एवढी मन लावून ऐकणारी बाई दुसरी मिळायची नाही. एक अक्षर कळलं नाही, ती गोष्ट वेगळी.

१९ नोव्हेंबर

शेजारची रागिणी रोज येते. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरते, शब्द बोलते, मी ओळखते. आज "संत्रा" कळलं. "झाडू" कळलं. हे मात्र या अभ्यासाला बसत नाहीत. मला नाही जमत म्हणतात आणि रागिणी आली की दूध आणायला निघून जातात.

यांचा आवाज अजून नाही. ओठ हलतात, शब्द कळतो, कानात काही नाही. मी तसं सांगितलं. तर यांनी ओठ आणखी मोठे केले, हत्तीला समजावावं तसे. तरी नाही.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, पुरुषांचे जाड आवाज कधीकधी उशिरा येतात. बरं.

२४ नोव्हेंबर

दर्यापूरला नणंदेकडे, आशाबाईंकडे गेलो. बसमध्ये कंडक्टर ओरडला, "तिकीट, तिकीट!" — आणि मला ते ऐकू आलं! चांगला जाड आवाज. पुरुषाचा! म्हणजे मॅडमचं उत्तर चुकलं. मग हेच का नाहीत? शेजारी बसले होते, खिडकीबाहेर बघत होते.

आशाबाई वेचणीला निघाल्या होत्या, त्यांच्यामागं मीही शेतात गेले. लहानपणी आजोबांना विचारायचे, कापूस वेचताना आवाज होतो का? आजोबा म्हणायचे, वेडी आहेस. आज एका बोंडाशी कान नेला, कापूस हळूच ओढला. होतो! बारीकसा, कागद फाटावा तसा. अख्ख्या शेतात तो आवाज होत असणार, आणि इतकी वर्षं कुणी ऐकला नाही! तिथंच ढेकळावर बसले. "वैनी, बरं वाटते ना?" मागून आशाबाईंनी विचारलं. मी वळून न बघता ओळखलं. खडे गेले, माणूस आलं. पहिलं माणूस!

बहिणीचा आवाज आला. भावाचा येत नाही.

२६ नोव्हेंबर

कोण आहेस तू, हे प्रत्येक आवाजाला विचारते. जो येतच नाही त्याला काय विचारायचं?

२ डिसेंबर

न्हाणीतून आले, डोक्यावर मशीन चढवलं, तर पुढच्या खोलीत कुणीतरी बोलत होतं. भरदार, जरासा घोगरा, शब्दाचं शेपूट ओढणारा आवाज. पाहुणा आला वाटून पदर सावरला, बाहेर आले. पाहुणा नाही. हेच! फोन कानाला, अकोल्याच्या जुन्या ड्रायव्हरशी चाललं होतं. "अबे आता रिटायर झालो ना आपन, काहून घाई करून राह्यला?"

मी दाराला धरून उभी राहिले. तोच आवाज. थोडा म्हातारा झालेला.

फोन ठेवून हे वळले, मला पाहिलं, ओठ हलले — काय झालं? आणि आवाज नाही! पाण्याची तोटी बंद करावी तसा.

मी जवळ जाऊन यांच्या गळ्यावर हात ठेवला. बोला, म्हटलं. ओठ म्हणाले, बोलूनच तं राह्यलो. गळा स्थिर. काही थरथरत नव्हतं.

नऊ वर्षं हे माझ्याशी नुसत्या ओठांनी बोलत आले. मला वाचता यावं म्हणून ओठ मोठे करत गेले आणि आवाज कधी गळून पडला ते यांनाही कळलं नाही. सांगितलं तर यांनी स्वतःच गळ्यावर हात ठेवला. मग बोलून पाहिलं. दाराशी रागिणी आली, तिच्याशी आवाज निघतो. माझ्या तोंडाकडे पाहिलं की गळा मिटतो. फळ्यावर स्वरयंत्राचं चित्र मी किती वेळा काढलं असेल! माणूस असाही असतो, हे त्या चित्रात कुठं होतं? मी मशीनची खोट समजत होते, आणि ही तर माया निघाली. दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

५ डिसेंबर

यांनीच युक्ती काढली. मला खांद्याला धरून चुलीकडे तोंड करून उभं केलं, स्वतः मागं उभे राहिले. मग खाकरले. मग, "चला, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला…" आणि थांबून, अगदी हळू, "पंचफुला, आयकू येते काय वं?"

आलं. सगळं आलं. पण मी हो म्हटलं नाही. आणखी एकदा विचारावं, म्हणून गप्प उभी राहिले.