दाराआडची तान

प्रिय चिमणे,

बावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडून टाकावंसं वाटेल. टाक, पण वाचून मग.

बहिणीचा मुलगा आपल्या जुन्या संगीत नाटकाचा सिनेमा करतोय, हे कानावर आलंच असेल. रूपांतराला त्यानं मलाच बसवलंय, आणि महिनाभर आम्ही नुसते भांडतोय. प्रेक्षकांकडे वळून मारलेली वाक्यं गेली. हशासाठी थांबायच्या जागा गेल्या. कॅमेरा हसत नाही, म्हणतो! शेवटी मी म्हटलं, बाबा रे, सगळं काप, तिसऱ्या गाण्याला हात लावू नकोस. कपाटात लपलेल्या नवऱ्याला शोधताना नायिका गाते ते, ज्याच्या शेवटच्या तानेला दर प्रयोगात वन्समोअर मिळायचा. तर नव्या नटीच्या तोंडी माझाच जुना आवाज घालायचं ठरलं, आणि मी चढले हरभऱ्याच्या झाडावर.

काल जुनी फीत घेऊन भाचा आणि मी ध्वनिमुद्रकाकडे गेलो. प्रयोगाला एक माइक रंगमंचावर होता, दुसरा विंगेत, तुझ्या प्रॉम्प्टिंगच्या स्टुलाजवळ. त्यानं दोन्ही आवाज सुटे केले. आधी माझा लावला. गाणं झकास चाललं होतं आणि वरच्या तानेपाशी, चिमणे, फुटक्या पिपाणीसारखा एक चिरका सूर आणि नुसती हवा. तुमचं यंत्र बिघडलंय, असं मी त्याला ठणकावलं. त्यानं विंगेतला माइक लावला. संवादांची वही खाली ठेवल्याची फडफड, एक श्वास, आणि मग तुझ्या गळ्यातून ती तान. पाठोपाठ टाळ्या. माझ्यासाठीच्या!

मला खरंच माहीत नव्हतं गं. तबला, पेटी, डोळ्यांवर प्रकाश. वाटायचं, मीच गातेय. आठशे प्रयोगांत एकदाही कळू नये? भाचा तोंडात बोट घालून बसला होता.

मग आठवलं ते सांगायचीही लाज वाटते. ही विंगेत गुणगुणते, माझं चित्त उडतं, ही तक्रार मॅनेजरकडे मीच केली होती. तू वही टेबलावर ठेवलीस आणि नाटक सोडून गेलीस. पुढच्याच प्रयोगात माझी तान फुटली. महिनाभर गुळण्या केल्या, नाटक बंद पडलं, आणि मी दोष दिला पेटीवाल्याला. नाचता येईना अंगण वाकडं! पण तूही कमाल केलीस. आठशे वेळा माझी लाज राखलीस आणि एकदाही बोलून दाखवलं नाहीस, याचा मला रागही येतोय.

माफी मागायला तीन कागद फाडले, जमलं नाही. म्हणून आज सकाळी तो प्रसंगच नव्यानं लिहिला. नायिकेची तान फसते, कॅमेरा हळूच दाराआड सरकतो, आणि तिथे स्टुलावर बसलेली बाई ती तान घेते. भाचा पहिल्यांदाच न भांडता हो म्हणाला. ती बाई तू आहेस. गुरुवारी अकराला गाणं मुद्रित करायचंय. ये. या वेळी वही मी धरीन.

तुझीच,
फुसकी महाराणी