बाटलीतलं धुकं

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, वहिनीकडून वाचून घे. आडवळणं मला येत नाहीत, सरळ लिहिते. बाबांचा मोतीबिंदू पिकून पांढरा झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चालढकल केली तर डोळा हातचा जाईल. दुसरा लाकडाच्या ढलपीने कधीच गेलाय. म्हणजे आहे तो एवढाच.

पण बाबा ऐकतील तर शपथ! म्हणतात, ऑपरेशन बिघडलं तर जहाज अर्धवट राहील. आधी जहाज उभं करतो, मग काय ते कापा. ज्या जहाजावर उभा जन्म सुतारकाम केलं, तेच बोटाएवढं करून बाटलीत घातलंय. डोलकाठ्या आडव्या निजवून ते गळ्यातून आत सारलं, आता बाहेर लोंबणारे दोरे ओढून त्या उभ्या करायच्या. होतातही उभ्या. पण गोंद सुकेपर्यंत बाबांचा हात थरथरतो आणि सगळं पुन्हा आडवं. मला धरू देत नाहीत, म्हणतात तुला धीर नाही. खरंच नाही. एक दिवस ती बाटली फरशीवर आपटीन. तू काहीतरी कर, नुसतं काळजी वाटते असं लिहू नकोस.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
ठिणगी

११ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना वहिनी आधी हसली, मग डोळ्याचं तेवढं तिने पुन्हा वाचून दाखवलं. बाटली आपटू नकोस. बाबांना ओढून नेलंस तर ते वाटेतून परत येतील. तू त्यांचीच मुलगी, तुला हे मी सांगायला हवं का? जहाज उभं राहिल्याशिवाय ते हलणार नाहीत, तर जहाज लवकर उभं करू. आमच्या फर्निचरच्या कारखान्यात एक गोंद आहे, दोन श्वासांत चिकटतो. ट्रकवाल्या मित्राबरोबर नळी पाठवतोय. लांब काडीच्या टोकावर थेंब घेऊन लावायचा. काम झालं की तडक दवाखाना.

तब्येतीला जप, जिभेलाही.

दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गोंद आला. अखेर मला दोरे धरू दिले, बाबांनी काडीने थेंब लावले. तिन्ही डोलकाठ्या ताठ! बाबा लहान मुलासारखे हसले. आत धूळ जायला नको म्हणून लगेच बूच घट्ट बसवलं आणि बाटली कपाटावर ठेवली.

सकाळी भिंग लावून बघतात तर काही दिसेना. आधीच त्यांना सगळं धुरकट, त्यात बाटलीच्या जागी नुसता पांढरा पडदा. भिंग खाली ठेवलं. म्हणाले, डोळा गेला. मग स्वतःच म्हणाले, ने बाई तुझ्या डॉक्टरणीकडे, आता गमवायला राहिलंय काय.

मी बाटली खिडकीशी धरली. दादा, मलाही काही दिसेना. इस्त्रीच्या दुकानात मी दिवसभर वाफ बघते, ती पुसली की जाते. ही फडक्याने घासघास घासली तरी जाईना. आतून बसलीय. डोळा होता तसाच आहे, आंधळी झालीय ती बाटली.

बाबांना सांगितलं नाही. सांगितलं तर दवाखाना राहील बाजूला आणि नवं जहाज कोरायला बसतील. सत्तावीस तारीख मिळालीय. ते जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. तरी मी तोंड शिवून बसलेय. माझं चुकतंय का, ते पत्र मिळेल त्या दिवशी लिही.

माया असू दे, आत्ता जास्तच लागणार आहे.

तुझी
ठिणगी

२४ फेब्रुवारी

चि. ठिणगी,
आशीर्वाद.

गोंदाची चूक माझी. बंद जागेत त्याची वाफ काचेवर बसते. बूच उघडं ठेवा, हे लिहायचंच राहिलं. पण तुझं मला पटलेलं नाही. आपण आंधळे झालो असं समजून म्हातारा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार, आणि तिथे काही बरंवाईट झालं तर? जन्मभर पुरेल तुला. त्यांना आजच सांग.

दादा

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचलं. दोनदा बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले, दोनदा तशीच परत फिरले. नाही सांगितलं.

आत नेताना बाबांनी माझा हात सोडवला. म्हणाले, सुटलीस. मी बाकावर बसून स्वतःला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या घातल्या. पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली. बाबांनी बरोबर मोजली, वर त्यांच्या नखांत शाई आहे हेही सांगितलं. मी मात्र खूश व्हायचं सोडून बाटलीचाच विचार करत घरी आले.

घरी आल्या आल्या त्यांनी ती मागितली. बाटलीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, परत बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एवढंच विचारलं की तुला कधीपासून माहीत होतं. मी खरं ते सांगितलं.

तेव्हापासून अबोला. काही हवं असेल तर भिंतीला सांगतात. काल भिंतीला सांगितलं की रुंद गळ्याची नवी बाटली लागेल. पण दादा, माझ्याकडे डोळा वटारून बघतात! मी दुकानातून येताना दारात उभे असतात आणि रस्त्याच्या त्या टोकापासून वटारतात. त्या टोकापासून!

मी मुद्दाम हळू चालते.

तुझी
ठिणगी