शुक्रवारची रेघ

जांबी,
११ ऑगस्ट १९९७

चि. अस्रिल यास,
तुझ्या थोरल्या बहिणीचे, युसनीडार उनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उत्तर द्यायचं नाही हा तुझा रिवाज मी मोडणार आहे, कारण या खेपेला काम आहे. इथं धूर सुरू झाला. दर वर्षीचा नव्हे. नदीपलीकडची काळी दलदलीची जमीन मळेवाल्यांनी पेटवली, मग पाहून पाहून गावकऱ्यांनीही आपापले तुकडे पेटवले, आणि पाऊस काही आला नाही. झाडं जळून संपली तरी खाली जमीनच धुमसते आहे. वरून पाणी ओतलं तर वाफ निघते आणि चार हातांवर परत धूर.

अमाकचा खोकला थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, आईला स्वच्छ हवेत न्या, या छातीनं ती हा मोसम काढणार नाही. मी शाळा सोडून जाऊ शकत नाही. आणि स्वच्छ हवेचा पगार घेणारा आपल्या नात्यात एकच माणूस आहे, तो तू.

अमाक ऐकत नाहीये. म्हणते, आई लेकीच्या घरात असते, मुलाकडे राहायला गेलेली बाई कुणी पाहिली आहे का. आपल्यात घर आईकडून लेकीकडे जातं, मुलाला मुळात घर असतं कुठं. खरं आहे, सातव्या वर्षीच तुझी वळकटी सुरावात, गावच्या नमाजघरात गेली आणि इतर पोरांबरोबर तू तिथंच झोपायला लागलास. पण रीत बघत बसले तर तिचा श्वास जाईल. पुढच्या बुधवारी बसमध्ये बसवते आहे. उतरवून घे.

लोभ आहेच, तो मागावा लागत नाही; उत्तर मात्र मागते.
तुझी,
उनी

•

निरीक्षण केंद्र, डोंगरमाथा,
२४ ऑगस्ट १९९७

ती. उनीस,
अस्रिलचा सलाम. वि. वि.

अमाक सुखरूप पोचली. तीन दिवसांत खोकला निम्म्यावर आला. पहिल्या सकाळी अंगणात उभी राहून तिनं एवढा लांब श्वास घेतला की मला वाटलं, डोंगरावरची हवा आता मोजायला उरते की नाही.

माझं घर म्हणजे माथ्याखाली दोन किलोमीटरवरची सरकारी खोली. वरती यंत्रं आणि मी. तीन वर्षं झाली, दिवसदिवस कुणाशी बोलत नाही. आठवड्यातून एकदा काचेच्या कुपीत हवा भरून परदेशी पाठवायची असते. त्यासाठी वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, श्वास रोखायचा, तोटी उघडायची. आपला श्वास आत गेला तर कुपी वाया. हे अमाकला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, लोक श्वास घ्यायला धडपडतात आणि माझ्या बुयुंगला तो न घेण्याचे पैसे मिळतात. पंचेचाळिशी आली तरी मी तिचा बुयुंग, बारकं पोरच.

एकच कटकट आहे. या दरीत लाकूड किंवा करवंटी जाळायला बंदी आहे, कारण सकाळी ऊन चढलं की वारा दरीतून माथ्यावर जातो. स्वयंपाक गॅसवर. अमाक त्या शेगडीकडे परक्याच्या पोरीकडे बघावं तसं बघते. म्हणते, नारळाच्या दुधात मांस आटवून रेंदांग करायचं तर चार तास चुलीची आच लागते, यावर फक्त आजाऱ्याची पेज होईल.

संध्याकाळी दाराशी दोघं बसतो. ती बोलते, मी ऐकतो. उनी, मला हे फार बरं वाटतं आहे. तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मुलींना गोड पापा. आठवण ठेवतेसच, तशीच ठेव.
तुझा,
अस्रिल

•

जांबी,
३ सप्टेंबर १९९७

चि. अस्रिल यास आशीर्वाद. वि. वि.

महिन्याच्या आत पत्राला उत्तर. अमाकला तिथंच ठेवून घ्यावं म्हणते, निदान तुझा हात लिहिता राहील.

इथं सूर्य दिसतो तो पिकलेल्या टोमॅटोसारखा, आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. शाळेत फळा दिसत नाही म्हणून मी नुसतं तोंडी शिकवते. गंमत म्हणजे दुपारी चक्क गार वाटतं. शेजारणी म्हणतात, चला, धुरानं एवढं तरी भलं केलं, पृथ्वी तापते तापते म्हणतात ना, तिच्यावर छत्री धरली. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. तू सांग. तेवढ्यासाठीच तुला शिकवलं.

माया असू दे.
उनी

•

डोंगरमाथा,
१४ सप्टेंबर १९९७

ती. उनीस सलाम. वि. वि.

शेजारणींचं अर्धं खरं आहे. धुराचे बारीक कण ऊन परत वर फेकतात, म्हणून खाली गार वाटतं. त्यातली काजळी मात्र ऊन पिते आणि वरची हवा तापवते, ढग नीट धरत नाहीत, पाऊस आणखी लांबतो. पण मुख्य गोष्ट निराळी. त्याच आगीतून धुराबरोबर न दिसणारा वायूही निघतो. तो गोधडीसारखा, उष्णता धरून ठेवणारा. धूर पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत धुऊन जातो. वायू जात नाही, वर्षांवर वर्षं साठत राहतो. म्हणजे छत्री चार दिवसांची आणि गोधडी कायमची. छत्री मिटली की कळेल किती गोधड्या अंगावर चढल्या ते. शिवाय ती छत्री आईच्या छातीतून जाते.

आता माझी बातमी. तुमचा धूर माझ्या यंत्रापर्यंत पोचला. कागदाच्या पट्टीवर सुई रेघ ओढत असते, ती २९ ऑगस्टला एकदम चढली. धुराचीही आणि वायूचीही. मग ५ तारखेला, मग १२ ला. मी राजधानीला तातडीनं कळवलं की सखल भागातला धूर डोंगर चढून आला. वरिष्ठ खूश झाले, इतक्या लवकर कुणीच पकडला नव्हता म्हणे. विचित्र एवढंच की तो दर शुक्रवारीच येतो, सकाळी आठला चढतो आणि बाराला उतरतो.

अमाकचा गॅसवर हात बसला आहे. शुक्रवारच्या नमाजाहून येतो तर रेंदांग तयार असतं, अगदी घरच्यासारखं. तसं मी तिला म्हणालोही. तिनं नुसता आणखी एक तुकडा वाढला.

कळावे, आणि तुझंही कळवावे.
अस्रिल

•

जांबी,
२० सप्टेंबर १९९७

चि. अस्रिल यास आशीर्वाद. वि. वि.

अरे शहाण्या, धुराला वार कळतो का? मळेवाले काय शुक्रवार बघून काडी लावतात? मी तुझं पत्र वर्गात वाचलं असतं तर तिसरीतल्या पोरींनी सांगितलं असतं.

आठ ते बारा किती तास होतात ते बोटांवर मोज. मग खोलीच्या मागच्या ओघळीत जाऊन बघ. करवंट्यांची राख सापडेल.

हसते आहे, महिन्याभरानं पहिल्यांदा. खोकला येईपर्यंत हसले.
तुझी,
उनी

•

डोंगरमाथा,
२८ सप्टेंबर १९९७

ती. उनीस सलाम. वि. वि.

तुझं बरोबर निघालं. परवा शुक्रवारी माथ्यावरून मधेच खाली आलो. ओघळीत तीन दगड, वर कढई, आणि अमाक फुंकणी घेऊन बसलेली. मला बघून पदर तोंडाला लावला, चोरी सापडल्यासारखा. मीही हसलो. मग तिला हात धरून वर नेलं, पट्टी दाखवली. म्हटलं, हे बघ तुझे पाच शुक्रवार, साऱ्या जगाला कळलं तू काय शिजवलंस. तिनं उंचवट्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, एवढ्याशा चुलीची एवढी मोठी टेकडी.

मग विचारलं, हे पुसता येतं का. मी म्हणालो, नाही. कशानं झालं ते लिहून कळवावं लागतं. तिनं विचारलं, कळवल्यावर काय होतं. मी पट्टी गुंडाळायला घेतली.

होतं ते असं, की खोलीत कर्मचाऱ्याखेरीज कुणी राहू नये असा हुकूम येईल. आणि न कळवलं तर माझ्या हातची खोटी नोंद जगाच्या हिशेबात कायमची राहील, पुढचे लोक तिच्यावर विसंबतील. पत्र लिहून ठेवलं आहे, पाठवलेलं नाही. पाठवलं तर अमाकला त्या धुरात परत धाडावं लागेल. उनी, मी काय करू ते सांग. तू सांगशील तसं करतो.

उत्तराची वाट बघणारा,
अस्रिल

•

जांबी,
५ ऑक्टोबर १९९७

अस्रिल,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

तुझं पत्र काल आलं. अमाक त्याच्या आधी दोन दिवस आली. एकटी, बसनं, चौदा तास. भर दुपारी दिवे लावून गाड्या चालल्या आहेत आणि ही बाई तोंडाला ओला रुमाल बांधून दारात उभी. तू तिला काय बोललास?

तिला विचारलं तर म्हणते, तो काही बोलला नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तेच. सकाळी मी वळकटी बांधली, तो बघत उभा राहिला, मग बसथांब्यापर्यंत उचलून आणली. काही बोलला नाही.

मला सांगते, बुयुंगचं घर हवेचं आहे, मी त्यात धूर केला. त्याला राग नाही, पण त्याच्या कामात आपली अडचण नको.

तिच्या ओठांना निळेपणा आला आहे. रस्ते आता बंद आहेत, परत पाठवायचं म्हटलं तरी जमणार नाही.
युसनीडार

•

डोंगराखालचं गाव,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर १९९७

ती. उनीस सलाम. वि. वि.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तर लिहीत बसण्याऐवजी मी खोली शोधत होतो.

तू विचारलंस काय बोललास. हेच, की काही बोललो नाही. ती वळकटी बांधत होती आणि एक शब्द माझ्या गळ्याशी आला होता. राहा. तो बाहेर येईना. सातव्या वर्षापासून ज्याला घर नाही असं सांगत आलात, त्यानं कुणाला कुठल्या तोंडानं राहा म्हणावं? मला वाटलं, तो शब्द माझा नाहीच. हे कारण म्हणून सांगत नाही. मी घाबरलो होतो. ती गेली म्हणजे अहवालाचा प्रश्नही सुटतो असं मनात आलं होतं, तेही तुला सांगून टाकतो. अहवाल मी ती गेल्यावर पाठवला.

आता ऐक. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर एक खोली घेतली आहे. वारा तिथून माथ्याकडे येत नाही, मी दहा दिवस दोरीला फडकं बांधून पाहिलं. इथंही आता खरा धूर येतो, पण तुमच्या मानानं काहीच नाही. मागे चूल आहे. करवंट्यांचं पोतं आणून ठेवलं आहे. हे पत्र अमाकला वाचून दाखव: अमाक, ये. माझ्याकडे राहा. रस्ता उघडला की मी स्वतः न्यायला येतो.

घाईत, पण मनापासून,
अस्रिल

•

जांबी,
२५ ऑक्टोबर १९९७

चि. अस्रिल यास,

अमाक गुरुवारी दुपारी गेली. श्वास लागला होता, मग थांबला. काल शुक्रवारच्या नमाजानंतर मातीत ठेवलं. धुरात खांदेकरी एकमेकांना दिसत नव्हते, हाका मारत चालले.

तार करायला गेले, तर डोंगरावर पोचायला पत्राइतकेच दिवस म्हणाले. म्हणून हे पत्र. तू आलास तरी तिचं तोंड दिसलं नसतं, उगाच धावू नकोस.

शेवटी शेवटी तिनं विचारलं, आज कोणता वार. मी गुरुवार म्हटलं. म्हणाली, मग उद्या.
युसनीडार

•

डोंगरमाथा,
१४ डिसेंबर १९९७

ती. उनीस सलाम. वि. वि.

सात आठवडे लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस, ते बरोबरच आहे.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला पाऊस आला. बारा दिवसांत धुराची रेघ जुलैत होती तिथं खाली गेली, जणू काही झालंच नाही. वायूची रेघ गेली नाही. आता तुमच्याकडे ऊन लागत असेल, छत्री मिटली.

राजधानीहून उत्तर आलं. पाच शुक्रवारांवर शेरा मारला आहे, स्थानिक कारण, वगळावे. योग्यच आहे, मीच तसं लिहिलं होतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, आईची चूल. तेवढं त्यांनी खोडून नुसतं चूल ठेवलं.

तुझं पत्र पोचलं त्या दिवशी कुपी भरायची होती. वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि श्वास धरता आला नाही. रडलो. कुपी वाया गेली, तशी नोंद केली.

एक गोष्ट तुला सांगायची आहे, वेडगळ वाटेल. तिच्या पाच शुक्रवारांचा धूर कधीच वाहून गेला. पण त्याच चुलीतून जो वायू निघाला, त्यातला काही भाग शेकडो वर्षं वर राहणार आहे. मी नसेन, तू नसशील, तुझ्या मुलींच्या मुली नसतील, तरी असेल. हा वायू वाढू नये म्हणून जगभर माणसं धडपडतात, मी त्यांच्यातलाच, तेव्हा याचं समाधान वाटणं मला शोभत नाही. तरी वाटतं. रोज सकाळी ती रेघ बघतो आणि मनात म्हणतो, यात तिचंही काही आहे.

पलीकडची खोली सोडलेली नाही. करवंट्यांचं पोतं तसंच आहे. मी तिथं राहत नाही, फक्त कुलूप उघडून बघून येतो.

राग असला तर असू दे. तुटू मात्र देऊ नकोस.
अस्रिल

•

जांबी,
१६ जानेवारी १९९८

चि. अस्रिल यास अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

राग होता. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. त्या दिवशी बसमध्ये मीच तिला बसवलं, पण सोबत जाऊन तुला हे सांगायला हवं होतं की तुझ्या घरात आई राहिली तर तुला तिला राहा म्हणायचा हक्क आहे. हे तुला कुणी सांगितलंच नाही.

तुझं २४ तारखेचं पत्र एक नोव्हेंबरला मिळालं. ते घेऊन कबरीवर गेले आणि तिला वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, चूल आणि फडकंसुद्धा. पत्र उशिरा पोचलं हे तेवढं तिला सांगितलं नाही.

तीस तारखेला ईद, तीही शुक्रवारी. तू येणार आहेस. सुरावात वळकटी टाकायची नाही, कुणी काही म्हटलं तर मी बघून घेईन. अमाकची खोली झाडून ठेवली आहे, चटई नवी आणली. रेंदांग मी चुलीवर करणार, आठला चढवणार, बाराला उतरवणार. तुझं यंत्र डोंगराच्या त्या टोकाला आहे, त्याला कळणार नाही.

रजा किती दिवसांची मिळते ते विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही. घर अमाकचं होतं, आता माझं आहे, तेव्हा हा शब्द मी म्हणू शकते.

बुयुंग, राहा.

तुझी,
उनी