टर्बोचे एकतीस तुकडे

३ फेब्रु., मंगळ.

सॅव्हियोची गाडी आली. संध्याकाळी पाच चाळीस. दारात लावेपर्यंत निळ्या धुरात शेजारचं झेरॉक्सचं दुकान दिसेनासं झालं.

"प्राजू, काय पण बोलू नको. आधी बघ."

मी बोलणार नव्हतेच.

इंद्रलोकच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याने त्याला विचारलं म्हणे, "भाई, मच्छर मारने की गाडी है क्या?" सांगताना हसत होता, पण कान लाल.

डिसेंबरात त्याने टर्बो किट बसवून घेतलं, गाडीला जास्त जोर यावा म्हणून. वसईला, केतकी नावाच्या मेकॅनिककडे. मला सांगितलं नव्हतं. बाकी सगळ्यांसारखं मला मोबाइलवर कळलं : ती बॉनेटवर कोपर टेकून, हा शेजारी, दोघांच्या हाताला ग्रीस. डिप्लोमाला सॅव्हियो आणि मी एका बेंचवर. तेव्हापासून या गाडीच्या इंजिनला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. नोंद म्हणून लिहिते.

तक्रारी : टर्बोने जोर धरला की निळा धूर. डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, आपोआप वर येते. पंधरा दिवसांत अर्धा लिटर ऑइल कमी.

निघताना म्हणाला, "केतकी बोलली, आणून दे, मी बघते. पण म्हटलं आधी तुला दाखवू."

आधी. दीड महिन्याने आधी.

४ फेब्रु., बुध.

कॉम्प्रेशन १२.१, १२.०, १२.२, ११.९. इंजिन ठणठणीत. डिपस्टिक वर येते म्हणजे इंजिनच्या पोटात, ऑइल असतं तिथे, दाब साठतोय. टर्बोचे सील गेले असणार, त्यातून दाब उतरत असणार. इंजिनच्या वरच्या भागाचं काम मागच्या वर्षी मीच केलंय, तिकडे तपासायला काही नाही. संशय फक्त किटवर.

किट टॉर्च लावून अर्धा तास बघितलं. मॅनिफोल्डचं वेल्डिंग तिने स्वतः केलंय. कुठे थांबली, कुठे पुन्हा सुरू केलं, सापडत नाही. माझ्या वेल्डिंगमध्ये सापडतं.

अण्णा चहा घेऊन आले. वाकून बघितलं.

"कोणी केलंय गो हे? हात आहे हो."

वसईची एक मुलगी, मी म्हटलं.

"विचार तिला, आपल्याकडे येते का."

सात वर्षं मी अण्णांच्या गॅरेजात काम करतेय. मला ते "बरं झालं" म्हणतात. आपल्या मुलीला तोंडावर चांगलं म्हणू नये असं त्यांच्याकडे आहे, ते मला माहीत आहे. तरी.

यापुढे तिचं नाव के. पूर्ण लिहायला शाई कशाला घालवा.

६ फेब्रु., शुक्र.

सापडलं.

टर्बोतलं ऑइल खाली परत नेणारी ड्रेनची नळी उभ्या रेषेपासून चाळीस अंश कललीय. पस्तिसापर्यंत चालतं. पाच जास्त. तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा अडतीस आलं, पण तेव्हा गाडी जॅकवर होती. चाळीसच धरते.

स.ला फोन.

"म्हणजे तिने चुकीचं बसवलं?"

"नळीचा कोन चुकलाय."

"म्हणजे तिने."

मी गप्प. माझं गप्प राहणं त्याला वाचता येतं.

मागून त्याच्या आईचा आवाज, "जेवली का न्हाय, इचार तिला." त्याने विचारलं नाही. म्हणाला, काढून टाक सगळं. होती तशी कर. परत तुझ्याकडेच.

नळी बदलून, कोन सुधारून पाहता आलं असतं. एका दिवसाचं काम. सुचवलं नाही.

आज माझ्या चपात्या गोल झाल्या. आईला आश्चर्य वाटलं.

७ फेब्रु., शनि.

काढायला सुरुवात. स.ला सुट्टी, दिवसभर स्टुलावर बसून.

अण्णांचा नियम : काढलेला प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये, नंबराची चिठ्ठी बांधून, गिऱ्हाइकाच्या हातात. बोल्टसुद्धा. "काढलं ते दाखवलं नाही तर चोरलं." त्यामुळे काम हळू. इंटरकूलर १. पाइप २ ते ६. वेस्टगेट ९. मॅनिफोल्ड १४.

चौदा नंबर त्याने ट्रेमधून उचलला, बराच वेळ खाली ठेवला नाही. वेल्डिंगच्या शिवणीवरून अंगठा फिरवत होता.

"के... केतकी काम करताना गाणी लावते. तू रेडिओ पण नाय लावत."

(तो अडखळला नाही. मी लिहिताना अडखळले. खोडत नाही.)

"तुला ऐकायची आहेत का?"

"नाय ग. असंच बोललो."

मग स्वतःशीच बोलल्यासारखं : डोंगरीचा चढ, दुसऱ्या गिअरमध्ये, मागून कोणी ढकलल्यासारखी जायची. "तू बसायला पाहिजे होतीस, प्राजू."

"बोलावलं नव्हतंस."

"आली असतीस?"

दहाचा पाना मागितला.

९ फेब्रु., सोम.

किट पूर्ण निघालं. ३१ तुकडे.

टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून बघितला. खेळ नाही. सील उघडून बघितले. शाबूत. म्हणजे दाब टर्बोतून उतरत नव्हता. इथे मी थांबले. अण्णांना म्हटलं, जेवून येते. गेले नाही.

मग इंजिनात हवा नेणारा जुना इनटेक परत लावायला वाकले, तर मागच्या बाजूला, हात जेमतेम जातो तिथे, निळी केबल टाय.

या गॅरेजात निळ्या टाय फक्त मी वापरते. माझं काम ओळखू यावं म्हणून मीच सुरू केलं ते.

टायखाली प्लॅस्टिकचा साधा जोड. तिथे ब्रीदरचा वॉल्व हवा. इंजिनच्या पोटातली वाफ इनटेककडे जाऊ देतो, उलट काही येऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. टर्बो नसताना हवा एकाच दिशेने ओढली जाते, जोडावर भागून जातं. टर्बोने दाब दिला की तो जोडातून सरळ इंजिनच्या पोटात. मग डिपस्टिक वर. टर्बोतल्या ऑइलला खाली उतरायला जागा नाही. निळा धूर.

पाच अंशांचा याच्याशी काहीही संबंध नाही.

जोड काढला. ट्रेमध्ये ठेवला नाही. खिशात.

१० फेब्रु., मंगळ.

मागच्या वर्षीची रोजनिशी काढली. २९ ऑगस्ट. जसं आहे तसं उतरवते :

"स.ची गाडी, हेड कव्हर गॅस्केट. काढताना ब्रीदरचा वॉल्व तुटला. हसमुखभाईंकडे नाही, मागवलाय. अण्णा गणपतीला गावी. स.ला पहाटे बहिणीला विमानतळावर सोडायचंय. जोड लावला. तात्पुरता. वॉल्व आला की बदलणे."

पुढे कुठेही काही नाही. दोनदा शोधलं. सप्टेंबरात एकदा स. म्हणाला होता, गाडी उभी असताना आयडल जरा चढं वाटतं. मी म्हटलं होतं, तुला वाटतं.

दुपारी हसमुखभाईंच्या दुकानात. वॉल्व आहे का विचारलं. त्यांनी वरच्या फळीवरून डबी काढली, फुंकर मारली.

"बेन, ये तो सितंबर में ही आ गया था. आपके नाम की चिट्ठी लगा के रखा है. लेने कोई आया ही नहीं."

डबीवर माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं.

परत आले तर स.चा मेसेज : "रिपोर्ट दे ना, गॅरेजच्या लेटरहेडवर. किटमध्येच खोट आहे असं लिही. तिच्या पेजवर टाकतो, ग्रुपवर पण. बाकीची पोरं तरी वाचतील."

त्याच्याकडे दोन निळ्या खुणा उमटल्या असतील. फोन उलटा ठेवला.

११ फेब्रु., बुध.

तिचा फोन. नंबर माहीत नव्हता, म्हणून उचलला.

"प्राजक्ताताई ना? मी केतकी, वसईहून. पाच मिनिटं आहेत का?"

आवाज व्हिडिओतल्यापेक्षा लहान.

"डिपस्टिक वर येत होती ना? ब्रीदरचा वॉल्व बघितलात का तुम्ही?"

न बघता, तिकडून, फोनवर. पहिला प्रश्न.

"किट लावायच्या आधी मी तपासायला पाहिजे होता. नाही तपासला. सॅव्हियो बोलला, इंजिनचं काम प्राजूच्या हातचं आहे, तिकडे बघायची गरज नाही. म्हणून मी पण सोडला. वॉल्व खराब निघाला असेल तर माझी चूक, तसंच लिहा. मी मानेन. फक्त किटमध्ये खोट आहे असं नका लिहू, ताई. किट घेणारे दोघं जण थांबलेत, तुमचा रिपोर्ट बघून ठरवतो बोलतात. शेड घेऊन तीनच महिने झालेत."

"बघून सांगते," मी म्हटलं.

बघून परवाच झालं होतं.

तिकडे बघायची गरज नाही. जवळपास हेच मी चार तारखेला इथे लिहिलंय. तिने सॅव्हियोचं ऐकून सोडला, मी स्वतःचं ऐकून.

आणि सॅव्हियो हे वसईला जाऊन बोलला. माझ्यासमोर कधी बोलला नाही.

चूक कबूल करण्यातही ती माझ्या पुढे. हे तर वेल्डिंगपेक्षा जास्त लागलं.

१२ फेब्रु., गुरु.

नवा वॉल्व बसवला. पांढऱ्या टायने. गाडी चालवून आणली, तारोडीपर्यंत आणि परत. आयडल ७५०, हलत नाही. धूर नाही. सुरळीत, शांत, जरा मंद. डोंगरीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम टाकली. मागून कोणी ढकललं नाही.

खरं लिहिलं तर तो किट घेऊन पुन्हा वसईला जाणार. बसवून घेणार, आणि या वेळी ते नीट चालणार. गाडी तिची होणार. पुढचं लिहीत नाही.

खोटं लिहायचीसुद्धा गरज नाही. "ड्रेनचा कोन ४०°." एवढं लिहून सही करायची. बाकीचं त्याला हवं तसं तो वाचेल.

१३ फेब्रु., शुक्र.

सॅव्हियो साडेअकराला येतोय. आता अकरा दहा.

लेटरहेडवर : गाडी नंबर. काढलेले भाग. मोजमापं. ड्रेनचा कोन लिहिलाय, ३८ ते ४०, तिन्ही मोजणी दिल्यात. शाफ्ट, सील : दोष नाही. पुढची ओळ "धुराचं कारण". कोरी.

अण्णांनी ट्रे मोजला. ते नेहमी मोजतात, चिठ्ठी न् चिठ्ठी उलटवून.

"एकतीस. अजून काय निघालं नाही ना गो?"

"बघते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पांढऱ्या टायच्या पाकिटाकडे. चौदा नंबर फडक्याने पुसून परत ठेवला, शिवण वर येईल असा.

केतकीचा मेसेज आलाय, सकाळी आठला. "ताई, बघितलंत का?"

जोड पँटच्या खिशात आहे, सोमवारपासून. बसलं की मांडीला टोचतो. टाय कापली नव्हती, तशीच सोडवली होती. अजून त्याच्यावर आहे.

चिठ्ठी लिहिली. ३२. अण्णांसारखा दोरा ओवला.

बाहेर रिक्षा थांबली. "प्राजू, झाला का रिपोर्ट?" त्याला अण्णांनी आधी चहा विचारला. म्हणजे कोरी ओळ भरायला मला अर्धा कप वेळ आहे.