पापडखार, इंजिन आणि भागाबाई आत्या

तीर्थरूप अभिमन नाना यांस,

तापीकाठाहून स्वप्नीलचा साष्टांग नमस्कार. देवपुरातले आपले गुडघे आता जिना चढू देत असतील. इकडे सर्व खुशाल. माझ्या भाजलेल्या बोटाचे पुढे येतेच.

आपण भंगारातून घेऊन पाठवलेले नावेचे इंजिन पोचले. भाविकाताईच्या लग्नाला पलीकडच्या काठावरून भागाबाई आत्याला आणायचे आणि ती एस्टीने येईना ("नावमा बसीसन सासरले उनू, नावमाच माहेरले येसू," हे आपल्या बहिणीचे शब्द), म्हणून आपण मोठ्या मनाने ते दिलेत. ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी अशी दाट चढली होती की आईने आधी हळदकुंकूच वाहिले. नवे भाग घ्यायचे तर लग्नाचा आचारी रद्द करावा लागला असता. म्हणून घरातल्या वस्तूंवर भागवायचे ठरले. अंगणात पापड चालले होते. आई म्हणाली, पापडखाराने काय निघत नाही? मी उकळत्या पाण्यात खार कालवून ओतला. नाना, काय वर्णावे! इंजिन फसफसले, फेस डोक्यापर्यंत चढला, वाफेत गल्ली हात जोडून उभी. शेजारच्या बेबाबाईने नारळ आणला. फेस बसला तेव्हा बुरशी गेली होती, आणि तिच्यासोबत खालच्या झाकणाचा थोडा भागही. (खार ॲल्युमिनियम खातो, म्हणून पापडाला पितळी पातेले घेतात, हे बेबाबाईला ठाऊक होते. तिने नारळ फोडल्यावर सांगितले.)

मग सगळे स्वच्छ धुतले, भोकात दोन डब्यांतून कालवायची लांबी (पुट्टी) भरली, जाम बोल्ट गॅसची ज्योत दाखवून सोडवले (बोट इथे भाजले), ग्रीस लावून परत बसवले आणि इंजिन गुरांच्या टाकीत बुडवून दोरी ओढली. ते गरजले! टाकीतले पाणी उठून मांडवावर गेले, पापडांवर गेले, बैलाच्या तोंडावर गेले. कोणी रागावले नाही. एवढे मोठे घडल्यावर रागवायचे कोणावर?

मग इंजिन नावेला लावून नदीत उतरलो. बंधाऱ्याने फुगलेली तापी नावेमागे वेणीसारखी उलगडत येते, हे जन्मभर काठावर राहून पाहिले नव्हते. पलीकडे आत्या गाठोडे घेऊन उभी. तिने इंजिनावर हात फिरवला, नावेत डोकावून पाहिले. "झ्याक शे," म्हणाली, "पन मना भाऊ कोठे शे?" आणि गाठोड्यासकट घरी गेली.

आपला आज्ञाधारक,
स्वप्नील

ता. क. आम्ही सगळे तिच्या बोलण्यातली 'नाव' तेवढी ऐकत बसलो. तिला हवा होता मुऱ्हाळी, लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. तिला सासरी पोचवताना नाव आपणच वल्हवली होती म्हणे. तेव्हा इंजिन पाठवून भागत नाही, नाना. हळदीच्या आधी यावे.

ता. क. आणखी एक. इंजिन जाताना लागेल, येताना नाही. एवढ्या आवाजात भावाशी काय बोलायचे, असा आत्याचा निरोप आहे. वल्ही आम्ही घासून ठेवली आहेत. आपण फक्त खांदे घेऊन या.