आधी त्यांच्याकडे

पुणे, २ जानेवारी २०२५

आदरणीय मामाजी,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही आणि मामींनी सुरू केलेल्या आपल्या कंपनीला या महिन्यात पंचवीस वर्षं होतात. शाळा-दवाखान्यांना देणगी कशी मागावी हे शिकवणारी कंपनी बोरी अरबात जन्मली, हे इथे कुणाला खरं वाटत नाही. तिचा इतिहास मी लिहिते आहे.

पण भागीदारांत वाद पेटलाय. मारेगावच्या एका नव्या दवाखान्याचं काम आलं आहे. आपला पहिला नियम असा, की संस्था ज्यांच्यासाठी, आधी त्यांच्याकडे मागायचं, धनिकांकडे नंतर. आपला भागीदार कपिल म्हणतो, गरिबापुढे हात पसरणं क्रूरपणा आहे, नियमच काढा. तेराला मतदान आहे. नियम गेला तर मीही कंपनी सोडेन. तो आला कुठून, कळवाल?

समारंभात तुमचं भाषण ठेवलेलं नाही. या वयात घशाला त्रास नको.

माया असू द्या.
तुमची भाची,
मैत्रेयी


बोरी अरब, ७ जानेवारी

चि. मैत्रेयी,
सप्रेम जयभीम.

घसा ठणठणीत आहे. काल नळाच्या पाण्यावरून अख्खी ग्रामपंचायत हलवली. असो.

तो नियम माझ्या कुठल्याही पुस्तकातला नाही. मुलींच्या वसतिगृहासाठी मी व्यापाऱ्यांपुढे गरजलो, इमारत उभी राहिली. मजुरांकडे गेलोच नाही. त्यांना कशाला त्रास? उद्घाटनाला मुलींच्या आया फाटकाबाहेरच थांबल्या. तुझी मामी सत्यशीला विचारायला गेली, तर त्यांच्यातली शकुबाई फणकारली, की आमाले कोनं काई मांगलं काय? मंग दुसऱ्याच्या घरात कायले येऊ?

पोरी, आपल्या आजा-पणज्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. न घेणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? आणि दयेच्या नावाखाली आम्ही तेच केलं!

सत्यशीलानं तिथंच पदर पसरला. बाया शेतातून आल्या होत्या. ओटीतल्या तुरीच्या शेंगा पडत गेल्या, पडत गेल्या, पदर पेलेना. त्या मिठात उकडल्या, व्यापाऱ्यांनीही खाल्ल्या. मग आया आत आल्या आणि भिंती हातानं चाचपू लागल्या, जनावराची पाठ चाचपावी तशा. मी माइक सोडून त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. हे मागणं आता इतरांना शिकवू, असं मामी म्हणाली. तीच आपली कंपनी.

कपिलला भाषण देऊ नकोस. बाजारात ने.

माझ्या भाषणाचं मी काही म्हणत नाही.

जीव लावलास, तसाच लावत राहा.
तुझा मामा,
धर्मपाल


पुणे, १५ जानेवारी

आदरणीय मामाजी,
सविनय जयभीम.

नियम राहिला!

कपिलला मारेगावच्या बाजारात नेलं. भाजीवाल्या जमनीला त्यानं चाचरत विचारलं, की दवाखान्याला काय द्याल? तिनं त्यालाच झापलं, की इतके दिवस कुठं गेलते, मांगाले लाज वाटे का? आणि उठून तिनं बाजाराला हाका घातल्या. बघता बघता माणसं दाटली. कुणी रोग्यांसाठी भाजी कबूल केली, कुणी विटांसाठी बैलगाडी. एकानं तर एकट्या रोग्याजवळ बसायला आपली म्हातारी देऊ केली, ती लय बोलते म्हणून! कपिल टोपल्यांमध्ये बसून नावं लिहू लागला. मतदानात पहिला हात त्याचाच वर गेला.

परतताना एकदम तुमचा घसा आठवला. त्रास नको म्हणून आम्ही तुमच्याकडे मागितलंच नाही.

मामाजी, शनिवारी येते आहे. तुमच्या फाटकाबाहेर ओढणी पसरून उभी राहीन. भाषण द्या.

रागवा, पण अंतर देऊ नका.
तुमची,
मैत्रेयी