टॅन्सी पांढरी पडतेय

वेअरडेल, १८ ऑक्टोबर

चि. मॉडीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तू पाठवलेले धुरावलेले मासे पोचले. चव छान, पण एकट्याच्या घशाखाली उतरत नाहीत.

एक काळजी आहे. वसंतात तुझी वहिनी नोरा गेली, तेव्हापासून तिची लाडकी, मुंगसासारखी लांबुडकी फेरेट टॅन्सी माझ्याच अंगाखांद्यावर असते. कशी गर्द तपकिरी होती, डोळ्यांवर काळी पट्टी! थंडीचे केस आले ते रुपेरी. पट्टीही पुसटली. शेजारचा जेथ्रो म्हणाला, मालकिणीसाठी झुरतेय, फार दिवस काढायची नाही. त्याला हाकललं, पण माझी झोप उडाली. तू फेरेट पाळल्या आहेस, म्हणून विचारतो.

थोरल्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा हेडली

व्हिटबी, २२ ऑक्टोबर

ती. हेडलीदादास मॉडीचा शि. सा. न. वि. वि.

जेथ्रोचं काय ऐकतोस! फेरेट वर्षातून दोनदा केस टाकते. थंडीचे दाट नि फिके, उन्हाळ्याचे गर्द. वय झालं की रुपेरी होतेच. खाणं बदललं तरी रंग उतरतो. मांस देतोस ना, की आपल्यासारखाच चहा-पाव? तू चाळिशीतच पिकलास, तेव्हा झुरतोय असं कुणी म्हणालं होतं का?

मात्र शेपटी बघ. केस विरळ झाले असतील, खाजवत असेल, तर लगेच दवाखान्यात ने.

धाकटीवर लोभ आहेच, तो वाढू दे.

मॉडी

वेअरडेल, ३० ऑक्टोबर

चि. मॉडीस आशीर्वाद.

शेपटी उघडी पडलीय. पाठीची कातडी दिसते. सारखी खाजवते.

पण दवाखान्यात नेणार नाही. नोरा आपल्या पायांनी चालत आत गेली होती. डॉक्टरांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली, तेव्हाच मला कळलं. पुन्हा तशी खुर्ची नको.

हेडली

व्हिटबी, २ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. नोराचं दुखणं त्या खुर्चीने आणलं नव्हतं. ते आधीपासून होतं. तिने आपल्याला कळू दिलं नाही. ही मुकी मात्र शेपटी दाखवून सांगतेय. नोराच्या वेळचा उशीर तुझा नव्हता, दादा. आता केलास, तर तो तुझा असेल.

रागावलास तरी चालेल, पण जा.

मॉडी

वेअरडेल, १५ जानेवारी

चि. मॉडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस रागावलो, तिसऱ्या दिवशी गेलो. मूत्रपिंडाजवळची ग्रंथी बिघडलीय. डॉक्टरीणबाईंनी कातडीखाली तांदळाएवढी गोळी घातली. आजार जाणार नाही, पण आवरता येईल. गोळी पुन्हा पुन्हा घालावी लागेल. आता खाज थांबलीय, शेपटी भरलीय. रंग मात्र रुपेरीच. तो वयाचा, त्याला औषध नाही, असं त्या म्हणाल्या.

कार्डावर घालायला त्यांनी मालकाचं नाव विचारलं. सवयीने नोराचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या तपासणीला नोराबाईंनाही घेऊन या म्हणाल्या. टॅन्सी माझ्या बाहीत तोंड खुपसून बसली होती. मग म्हणालो, ते खोडा. हेडली लिहा. माझी आहे ती.

हेडली